घाण्याच्या तेलापासून हैफाच्या तेलापर्यंत

व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा मला विषय दिला तो इस्रायली आणि पॅलेस्टिनी लोकांपैकी साध्या माणसांनी आपापसांत चालविलेल्या सलोख्याच्या प्रयत्नांचा. तो ऐकून मी प्रथम नाहीच म्हटले. मी नववीपर्यंत शिकलेला माणूस. पुढचे जे काही वाचन झाले ते कर्जत लोकलच्या डब्यात आणि कारखान्याच्या गेटबाहेर, समेटाच्या बोलण्यासाठी साहेब कधी बोलावतात याची वाट पाहत. जेरुसलेम मी नकाशात पाहिले आहे, तेवढेच. शिवाय कर्जत-खालापूरच्या माणसाला या दूरच्या भांडणाचे काय सोयरसुतक, असेही मनात आले.

पण नकार कळवण्याच्या आधीच एक गोष्ट घडली. आमच्या खालापूर तालुक्यातला एक पोरगा माझ्याकडे आला. गवंडीकाम करतो, प्लास्टरला हात चांगला. म्हणाला, "काका, इस्रायलला भरती आहे. महिन्याला लाखाच्या वर पगार सांगतात. जाऊ का?" मी विचारले, "तिथे एवढी जागा कशी रिकामी झाली, ठाऊक आहे का?" तो म्हणाला, "लढाई चाललीय म्हणून असेल." मग मी त्याला बसवून घेतले आणि अर्धा तास बोललो. त्या अर्ध्या तासात जे नीट सांगता आले नाही, ते आज आपल्यापुढे मांडतो आहे. तेव्हा हे व्याख्यान त्या पोराला दिलेले लांबलेले उत्तर आहे असे समजा.

आरंभ आपल्या घरापासून करू. आपला जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा म्हणून ओळखला जाई. या कुलाब्यात शेकडो वर्षे यहुदी लोक राहत आले. त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, त्यांतून सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरा सांगते. हे लोक तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी बैल जुंपीत नसत. म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली हे नाव दिले. ते स्वतःला बेने इस्रायल म्हणवीत. आडनावे मात्र अस्सल आपली: पेणकर, किहीमकर, दिवेकर, अष्टमकर, रोहेकर, नवगावकर. खालापूरच्या वेशीला लागून पाताळगंगेवर आपटा आहे, त्या गावाचे आपटेकरही त्यांच्यातलेच. पनवेलला त्यांचे सभागृह १८४९ सालचे आहे, अलिबागचे १८४८ चे. मुंबईतले पहिले सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ साली बांधले. लोक त्याला जुनी मशीद म्हणत आणि मस्जिद स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. गावकऱ्याच्या तोंडी मुसलमानाचीही मशीद आणि यहुद्याचीही मशीदच. देव न दाखवता जिथे प्रार्थना चालते ती मशीद, एवढा त्याचा हिशेब सोपा होता.

आता इथे पुष्कळ वक्ते हात जोडून म्हणतात की पाहा, भारतभूमीवर यहुद्यांचा छळ कधी झाला नाही, आमची सहिष्णुता थोर. ते बऱ्याच अंशी खरे आहे आणि त्याचा अभिमान मलाही आहे. पण ज्याने कामगारांत आयुष्य काढले त्याला आणखी एक प्रश्न सुचतो: या लोकांचे शेजाऱ्यांशी भांडण होण्याजोगे होते तरी काय? संख्या थोडी. धंदा असा की सर्वांना लागणारा आणि दुसऱ्या कोणाच्या ताटातला घास न घेणारा. हिंदूच्या समईत, मुसलमानाच्या फोडणीत, दोन्हीकडे त्यांचेच तेल. जमिनीवर त्यांनी कोणाला हुसकले नाही, त्यांना कोणी हुसकले नाही. सहिष्णुता मोठी खरी, पण तिच्या खाली भाकरीची वाटणी ठीक होती, हे विसरता येत नाही.

पुढे हे लोक मुंबईला गिरण्यांत, रेल्वेत, कारकुनीत, पलटणीत गेले. स्वातंत्र्याच्या सुमारास त्यांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. १९४८ साली इस्रायल झाले आणि हळूहळू बहुतेक सारे तिकडे गेले. आज भारतात सर्व पंथांचे मिळून चार-पाच हजार यहुदी असतील. ते छळाने गेले नाहीत. जुन्या आशेने आणि नव्या संधीने गेले. तिथे त्यांना काय भेटले? काळ्या कातडीबद्दल टोमणे, हलकी कामे, वाळवंटातली वस्ती. १९५१ साली त्यांच्यातल्या काहींनी बैठा संप करून आम्हाला परत भारतात पाठवा अशी मागणी केली आणि पुढच्या वर्षी काही कुटुंबांना खरोखर परत आणावे लागले. साठीच्या दशकाच्या आरंभी तिथल्या धर्मपीठाने यांच्या विवाहांविषयी शंका काढली. हे खरे यहुदी आहेत की नाहीत याची पिढ्यान्पिढ्यांची चौकशी करा असा हुकूम निघाला. तेव्हा १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमात ही कोकणी माणसे धरणे धरून बसली. ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेला खास बैठक भरवून ठराव करावा लागला की बेने इस्रायल सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत, आणि धर्मपीठाला आपला हुकूम बदलावा लागला. आपल्या मातीतला सत्याग्रह त्या देशात आपल्या माणसांनी नेला, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असायला हवी होती.

असो. शेजार कसा टिकतो ते कुलाब्याने दाखविले. तो कसा मोडतो ते पाहायला मुंबईला, शिवडीला जावे लागेल. इथेही तेलच आहे, पण घासलेट आणि पेट्रोल.

१९२८ साल मुंबईच्या कामगाराच्या इतिहासात मोठे आहे. एप्रिल ते ऑक्टोबर गिरण्यांचा सार्वत्रिक संप झाला, गिरणी कामगार युनियन जन्मली. त्या वर्षाच्या डिसेंबरात शिवडीच्या तेलकंपन्यांच्या वखारींतील कामगार संपावर गेले. कंपन्यांनी संप मोडण्यासाठी पठाण आणले. पठाणाचा आधीच कामगारांत राग होता, कारण गिरणीच्या दाराशी पगाराच्या दिवशी काठी घेऊन व्याज वसूल करणारा तोच. आता तोच संपकऱ्याच्या जागेवर उभा राहिला. हाणामाऱ्या झाल्या. फेब्रुवारी १९२९ मध्ये अफवा उठली की पठाण लहान मुले पळवतात. त्या अफवेने गिरणगाव पेटले. प्रथम कामगार विरुद्ध पठाण असे जे होते, ते चार दिवसांत हिंदू विरुद्ध मुसलमान झाले आणि शंभराहून अधिक माणसे मेली. चौकशी समितीने बराच दोष लाल बावट्याच्या भाषणांवर ठेवला. भाषणे जहाल होती, यात शंका नाही. पण पठाणांना शिवडीला कोणी आणले हा प्रश्न त्यामुळे पुसला जात नाही.

मला या प्रकरणात दिसते ते असे. तो पठाण मुसलमान म्हणून शिवडीला आला नव्हता. पोटासाठी आला होता. ज्याने त्याला आणले त्याला त्याच्या धर्माशी कर्तव्य नव्हते. पण एका माणसाच्या जागेवर दुसरा उभा केला आणि दोघांची जात निराळी असली, की पोटाच्या भांडणाला धर्माचा रंग चढायला आठवडाही पुरतो. हे जिथे घडले तिथे पोलीस होते, पुढारी होते, शांतता समित्याही होत्या. पण त्या रक्त सांडल्यावर जमल्या.

आता समुद्र ओलांडू. हैफा हे पॅलेस्टाईनचे बंदर. इंग्रजांच्या अमलात तिथे रेल्वेचे कारखाने होते आणि तेलशुद्धीचा मोठा कारखाना होता. यहुदी आणि अरब एका छपराखाली काम करीत. १९२० साली यहुदी कामगारांनी हिस्ताद्रुत नावाची आपली मोठी संघटना काढली. संघटना पराक्रमी, पण तिच्या पायात एक गाठ होती: यहुद्याच्या मळ्यात, यहुद्याच्या कारखान्यात यहुदीच कामगार हवा. तिसाच्या दशकात संत्र्यांच्या बागांपुढे अरब मजूर काढा म्हणून धरणी धरली गेली. ती धरणारे दुष्ट होते असे मला म्हणवत नाही. युरोपातून जीव घेऊन पळालेली, उपाशी माणसे होती ती. पण ज्याच्या हातून संत्र्याची टोपली गेली तो अरब मजूर त्यांच्या युरोपातल्या दुःखाचा हिशेब कसा करणार? अरबाला पूर्ण सभासद करून घेण्याचा ठराव हिस्ताद्रुतने केला तो १९५९ साली. तोवर पुलाखालून फार पाणी आणि रक्त वाहून गेले होते.

तरीही रेल्वेच्या कामगारांनी पुन्हा पुन्हा एकत्र येण्याची धडपड केली. विसाच्या दशकात एक संयुक्त संघटना झाली आणि मोडली. शेवटी एप्रिल १९४६ मध्ये चमत्कार वाटावा असे घडले. टपाल कामगारांनी सुरू केलेला संप रेल्वेत, तारखात्यात, सरकारी कचेऱ्यांत पसरला. वीस हजारांहून अधिक अरब आणि यहुदी नोकर एकाच मागणीपत्रावर रस्त्यावर आले आणि सरकारला बरेचसे मान्य करावे लागले. मी हे प्रथम वाचले तेव्हा वांगणी स्टेशन मागे गेलेले मला कळले नाही.

आणि वीस महिन्यांनी काय झाले? ३० डिसेंबर १९४७. हैफाच्या तेलकारखान्याच्या दाराशी अरब नाका-कामगार जमले होते. आपल्या खोपोलीच्या नाक्यावर सकाळी जशी माणसे थापी आणि डबा घेऊन उभी असतात, तशी. आज रोज मिळेल का म्हणून. इर्गुन या यहुदी संघटनेच्या लोकांनी त्या गर्दीवर बाँब टाकले. सहा जण मेले, चाळीसेक जखमी झाले. ते पाहून कारखान्यातले अरब कामगार आतल्या यहुदी कामगारांवर तुटून पडले; पहारी, हातोडे, जे हाती लागले ते घेऊन. एकोणचाळीस यहुदी मारले गेले. त्यानंतरच्या रात्री यहुदी सैनिक जवळच्या बलद अल्-शेख या गावात शिरले. तिथे अनेक कामगार राहत. त्यांनी साठ-सत्तर माणसे मारली. सहा महिन्यांच्या आत हैफातले बहुतेक अरब देशोधडीला लागले.

आम्हा युनियनवाल्यांना एक भाबडी श्रद्धा असते, माझीही होती, की यंत्राशी एकत्र उभे राहिले की जातधर्म आपोआप गळून पडतो. हैफाने ती श्रद्धा खोटी ठरविली. संप एकत्र केला म्हणून सलोखा होत नाही. संपात आपण मालकाकडे तोंड करून उभे असतो. एकमेकांकडे तोंड करून बसायची वेळ त्यात येतच नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो असे नाही. डिसेंबर १९९२ मध्ये मी खोपोलीकडच्या एका कारखान्यात हेल्पर होतो. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण दोष एकट्या त्याचा नव्हता. त्याच वर्षी आम्ही सर्वांनी मिळून बोनससाठी गेट बंद केले होते आणि जिंकलो होतो. अयोध्येची बातमी आल्यावर तिसऱ्या दिवशी कँटीनमध्ये पाहतो तो आमच्या खात्यातले चार मुसलमान कामगार डबा घेऊन कोपऱ्यातल्या बाकावर निराळे बसले आहेत. कोणी त्यांना उठवले नव्हते. कोणी बोलावलेही नव्हते. त्यांतला एक चाचा असा होता की ज्याने मला लेथवर हात कसा ठेवायचा ते शिकवले. मी उठून त्याच्या बाकावर जावे असे मला वाटले, आणि मी गेलो नाही. महिनाभर ते बाक तसेच राहिले. आमच्याकडे दंगल झाली नाही, म्हणून सगळे म्हणतात की आमच्याकडे काही झाले नाही.

त्याच डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मुंबईत सुमारे नऊशे माणसे मेली. कल्याणहून तासाच्या आत जिथे पोचता येते ती भिवंडी मात्र शांत राहिली. ही गोष्ट साऱ्या देशाला चकित करणारी होती. कारण भिवंडी म्हणजे दंगल हे समीकरणच होते. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून तिथे जे पेटले ते जळगावात आणि आपल्या महाडातही पोचले. त्याची चौकशी न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने केली. मे १९८४ मध्ये पुन्हा पेटले, आणि भिवंडी, ठाणे, मुंबई मिळून अडीचशेहून अधिक बळी गेले. मागांचे गाव हे. मागावर उत्तर हिंदुस्थानातला अन्सारी, आंध्रातला पद्मशाली, कोकणी मुसलमान, मराठी माणूस. सुताचा व्यापारी गुजराती नाही तर मारवाडी. भाकरी एकमेकांत इतकी गुंतलेली की एकाचा माग बंद तर दुसऱ्याचे सूत पडून. तरीही दोनदा गाव जळले. म्हणजे भाकरी गुंतलेली असणे हेही एकटे पुरत नाही.

मग १९८८ ते १९९२ या चार वर्षांत तिथे काय घडले? त्या काळी तिथे पोलीस उपायुक्त होते सुरेश खोपडे. त्यांनी जुन्या कागदांतून एक साधी गोष्ट हेरली. प्रत्येक दंगलीनंतर शांतता समिती नेमली जाई. तिच्यात गावातली बडी मंडळी: वकील, डॉक्टर, नगरसेवक, मौलाना, महंत. ती मंडळी दंगल झाली की पोलीस ठाण्यात चहा घेत आणि पत्रक काढीत. गल्लीतल्या माणसाला ती ओळखत नसत आणि गल्लीतला माणूस त्यांना मानत नसे. खोपड्यांनी हे उलटे केले. गावाचे मोहल्ले पाडले, मोहल्ल्यामोहल्ल्याची समिती केली. अशा सत्तर समित्या झाल्या. समितीत हिंदू-मुसलमान सारखे, आणि माणसे साधी: मागवाला, भाजीवाला, मास्तर, रिक्षावाला. प्रत्येक मोहल्ल्याला एक शिपाई बांधून दिला. तो त्याचा मोहल्ला, त्याने तो ओळखायचा. आणि मुख्य गोष्ट: दंगल नसताना भेटायचे. नेमाने भेटायचे.

भेटून बोलायचे काय? इथेच मला या माणसाची अक्कल दिसते. ईश्वर-अल्ला एक आहेत यावर तिथे भाषणे होत नसत. नळाला पाणी कमी येते, गाडी दारात लावतो, कोणाचा नवरा दारू पिऊन मारतो, पोरापोरांत मारामारी झाली, अशी प्रकरणे समितीपुढे येत. तिथल्या तिथे मिटत, कोर्टकचेरी वाचे. आमच्या खात्यात जशी तक्रार समिती असते तसेच हे. पंख्याची आणि हातमोज्यांची तक्रार वीस वेळा मिटवून पाहिलेली असते म्हणून एकविसाव्या वेळी मोठा प्रसंग आला की माणसे एकमेकांच्या शब्दावर थांबतात. डिसेंबर १९९२ आला तेव्हा खोपडे बदलून गेले होते. पण समित्यांच्या माणसांना एकमेकांची दारे ठाऊक होती. अफवा आली की कोणाला विचारायचे ते ठाऊक होते. १९२९ साली शिवडीला नेमके हेच नव्हते.

मुंबईने हे जळल्यावर उचलले. १९९४ साली ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे प्रभृतींनी, त्या वेळचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या साहाय्याने, तिथे मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू केली. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या दोघांची जोडी जमली. वकार खान कपडे शिवून घेण्याच्या धंद्यातले. त्यांनी चार पोरांना चार धर्मांचे कपडे घालून 'हम सब एक हैं' असे चित्र छापले आणि वस्तीभर लावले. चित्राने सलोखा होतो असे मी म्हणत नाही, पण ते लावायला दोघे मिळून गल्लोगल्ली हिंडले ते कामी आले.

आता भिवंडीची दुसरी बाजू सांगितली नाही तर मी अर्धसत्य सांगितले असे होईल. समित्या हळूहळू ओसरल्या. अधिकारी बदलले, शिपाई बदलले. २००६ च्या जुलैत त्याच गावात कबरस्तानाजवळ पोलीस ठाणे बांधण्यावरून जमाव आणि पोलीस भिडले, गोळीबारात माणसे मेली आणि जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार मारले. म्हणजे जे चार वर्षांत बांधले ते चौदा वर्षांत झिजले. युनियन शाखेचेही असेच होते. दोन वर्षे सभा घेतली नाही तर फलक तेवढा उरतो.

एवढे सामान हाती घेऊन आपण इस्रायल-पॅलेस्टाईनच्या साध्या माणसांकडे जाऊ.

१९९४ साली इझाक फ्रँकेंथाल या इस्रायली माणसाचा एकोणीस वर्षांचा सैनिक मुलगा हमासने पळवून मारला. पुढच्याच वर्षी त्याने असे मंडळ काढले की ज्यात दोन्ही बाजूंच्या, ज्यांचे माणूस या भांडणात मेले अशाच कुटुंबांना प्रवेश. आज त्यात सहाशेहून अधिक कुटुंबे आहेत. त्यांतले दोन बाप साऱ्या जगाला ठाऊक आहेत. रामी एल्हानान यांची तेरा वर्षांची स्मदार सप्टेंबर १९९७ मध्ये जेरुसलेमच्या बाजारात आत्मघातकी स्फोटात गेली. बस्साम अरामीन यांची दहा वर्षांची अबीर जानेवारी २००७ मध्ये शाळेबाहेर इस्रायली सीमा-पोलिसाने झाडलेल्या रबरी गोळीने गेली. बस्साम स्वतः तरुणपणी इस्रायलच्या तुरुंगात सात वर्षे काढलेले. हे दोघे शाळाशाळांत एकत्र जातात, शेजारी बसतात आणि आपापली गोष्ट सांगतात. २००२ साली, स्फोट आणि रणगाडे ऐन भरात असताना, याच मंडळाने एक टेलिफोन सुरू केला: इकडच्याने फोन लावावा, तिकडचा कोणीतरी अनोळखी उचलील, बोला. लाखो लोकांनी फोन लावले. पुष्कळांनी आधी शिव्याच दिल्या म्हणे. शिवी देण्यासाठीसुद्धा समोर माणूस असावा लागतो, हे गेटमीटिंग घेणाऱ्याला कळते.

२०१४ च्या गाझा युद्धानंतर इस्रायली स्त्रियांनी चळवळ काढली, तिच्या संस्थापकांत व्हिव्हियन सिल्व्हर होत्या. गाझातल्या आजारी माणसांना नाक्यावरून घेऊन इस्रायलच्या इस्पितळात स्वतःच्या गाडीने पोचवायचे काम त्या करीत. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी या स्त्रिया आणि पॅलेस्टिनी स्त्रियांची भगिनीसंस्था यांनी जेरुसलेमात आणि मृतसमुद्राकाठी मोठा मेळावा भरवला. तीन दिवसांनी हमासने सीमेवरच्या गावांत शिरून सुमारे बाराशे माणसे मारली. त्यांत, बएरी गावात, व्हिव्हियन सिल्व्हर होत्या. वय चौऱ्याहत्तर. पुढे गाझावर जे युद्ध झाले त्यात, तिथल्या आरोग्य खात्याच्या नोंदीप्रमाणे, साठ हजारांहून अधिक माणसे मेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये युद्धबंदी झाली, तीही रक्ताशिवाय नाही.

कोणी विचारील, मग या मंडळ्यांनी साधले काय? प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारणारे पॅलेस्टिनींतही पुष्कळ आहेत. ते म्हणतात, तुम्ही चहा पिता, गळ्यात पडता, आणि संध्याकाळी तो आपल्या घरी जातो नि मी नाक्यावर सैनिकापुढे रांगेत उभा राहतो. हे खोटे नाही. भिवंडीत हिंदू आणि मुसलमान दोघांचे सरकार एक होते, कायदा एक होता, मत एक होते. नळाची तक्रार दोघांची एकाच नगरपालिकेकडे जाई. तिथे पश्चिम किनाऱ्यावरच्या पॅलेस्टिन्यावर लष्कराचा अंमल, आणि शेजारच्या वसाहतीतल्या इस्रायल्याला दिवाणी कायदा. ज्या समितीला तक्रार मिटवताच येत नाही, तिच्यात येऊन बसायचे कशाला, असे दुबळ्याला वाटणारच. मालक आणि कामगारांनी मिळून नाटक बसवले म्हणून पगार वाढत नाही. तथापि बस्सामना मी या हिशेबात बसवू शकत नाही. त्यांनी मुलीसाठी इस्रायलच्याच कोर्टात दावा लावला, सरकार जबाबदार आहे असा निकाल मिळवला, आणि त्या काळात कोर्टात त्यांच्या बाजूला बसायला इस्रायली मित्र होते. नुसती भेट निराळी आणि भेटून एकमेकांच्या फिर्यादीला उभे राहणे निराळे. दुसऱ्या प्रकारची माणसे तिथे थोडी आहेत, पण आहेत.

आता तो गवंडी पोरगा. १९६७ नंतर गाझा आणि पश्चिम किनाऱ्यावरचे पॅलेस्टिनी इस्रायलच्या बांधकामांवर राबत आले. ऑक्टोबर २०२३ च्या आधी अशा परवानेधारकांची संख्या दीड लाखाच्या आसपास होती. पहाटे तीनला उठून नाक्याच्या पिंजऱ्यात रांग लावायची, दिवसभर इस्रायल्याच्या घराला प्लास्टर करायचे, रात्री परत. अन्यायाचीच व्यवस्था, पण दोन लोकांतला रोजचा एकच धागा. त्या ७ तारखेनंतर परवाने बंद झाले. भारतातून बेचाळीस हजार कामगार नेण्याचे मे २०२३ मध्येच ठरले होते. ऑक्टोबरनंतर त्याला घाई आली. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणात, उत्तर प्रदेशात रांगा लागल्या, पुढे पुण्यातही भरती झाली. देशातल्या दहा मध्यवर्ती कामगार संघटनांनी विरोध केला. मी त्या विरोधाच्या बाजूचा आहे. पण ठराव करणाऱ्याच्या घरी चूल पेटलेली असते, आणि या पोराला इकडच्या कंत्राटदाराने दोन महिन्यांचे पैसे दिले नव्हते.

मी त्याला शिवडीचा पठाण सांगितला, हैफाचा नाका सांगितला. तो नीट ऐकत होता. मग म्हणाला, "काका, मी नाही गेलो तर दुसरा जाईल." याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, पठाणानेही १९२८ साली हेच म्हटले असणार. मी म्हणालो, "जायचे तर जा. पण ज्या भिंतीला तू थापी लावशील ती अर्धी कोणी बांधून ठेवली आहे ते विचार. आणि कधी तो माणूस परत कामावर आला तर त्याच्याशी बोल."

तो पुण्याला गेला. चाचणीत पास झाला. बोलावणे येईल म्हणून सहा महिने थांबला, पासपोर्टासाठी कर्ज काढले होते ते फेडत राहिला. बोलावणे आले नाही. आता पनवेलकडे एका टॉवरच्या कामावर आहे. मुकादम मालदा जिल्ह्यातला मुसलमान, हाताखालची पोरे बिहारची. परवा फोन आला होता. पगार थकलाय, सगळे मिळून तुमच्याकडे यायचे म्हणतात, रविवारी घरी आहात का, असे विचारत होता.